रूळ तपासायचा तास

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. आता का सांगते आहे? तेही नीट माहीत नाही.

कात्रजच्या पुढे माझ्या सासऱ्यांची लहान मुलांसाठीची छोटी रेल्वे आहे. उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी, एवढेच तिचे कमाईचे दिवस; दुरुस्ती आणि राखण मात्र बारा महिने. माणसं रोजावर. कुणाला किती तास बोलवायचं, ते मी ठरवते.

गायकवाडताई शेवटच्या डब्यात गार्ड होत्या. पहिल्या फेरीच्या तासभर आधी येऊन त्या सगळा रूळ पायी फिरायच्या, हातात हातोडी. ठोकल्यावर आवाज बद्द आला, की तिथला बोल्ट ढिला. असा कान मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. इंजिन चालवणारे मामासुद्धा त्यांनी हात वर केल्याशिवाय गाडी हलवायचे नाहीत. मला त्यांचा हेवा वाटायचा का? वाटत असावा.

त्या उन्हाळ्यात गर्दी रोडावली आणि मी काटछाट शोधू लागले. एका संध्याकाळी ताईंना बाजूला घेऊन म्हटलं, "उद्यापासून फेरीच्या वेळेलाच या. आधीचा तास नको."

"वहिनी, तळ्याजवळचं वळण रोज बघावं लागतं."

"बघू पुढे," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी त्याच वळणावर शेवटचा डबा रुळावरून उतरला. गाडी हळू होती म्हणून निभावलं. तरी एका मुलीची हनुवटी फुटली. सासरे धावत आले. आज रूळ कुणी पाहिला? ताईंनी सरळ सांगितलं — वहिनींनी तो तास बंद केलाय. सगळे माझ्याकडे वळले. आणि मी —

"मी असं कधी म्हटलं, ताई?"

एवढंच बोलले. घरच्या सुनेचा शब्द आणि रोजावरच्या बाईचा शब्द — कुणाचा खरा ठरणार, हे मला बोलतानाच माहीत होतं.

त्या वाद घालत बसल्या नाहीत. मुलांना एकेक करून उतरवलं. त्या मुलीच्या हनुवटीवर स्वतःचा रुमाल दाबून धरला, तिच्या आईबरोबर रिक्षाने दवाखान्यात गेल्या, टाके पडेपर्यंत थांबल्या. परतल्यावर सासऱ्यांनी त्यांना कामावरून काढलं. तरी जाण्याआधी मामांना घेऊन त्या पूर्ण रूळ फिरल्या — उन्हाने कुठला बोल्ट सैल होतो, खडी कुठे खचते, सगळं दाखवलं. त्यांच्या जागी मी असते तर? मी तडक घरी गेले असते.

फाटकापाशी त्या मला म्हणाल्या, "तो तास बंद ठेवू नका, वहिनी." आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून तो तास पुन्हा सुरू झाला. आता दोन माणसं रूळ तपासतात. ताई खराडीत एका ऑफिसात साफसफाईवर देखरेख करतात, असं मामा सांगत होते. आमच्या घरी अजूनही म्हणतात, त्या बाईच्या हलगर्जीपणामुळे डबा उतरला. मी ऐकते आणि पान वाढत राहते.

तो तास मी बंद केला होता. ताई खरं बोलल्या होत्या.