ठकठकवाला आणि आजोबांची पत्रं

मुलांनो, गेल्या रविवारी तुम्ही तुमच्या आजोबांच्या सगळ्या पत्रांचे फोटो मागितलेत आणि मी विषय बदलला. सगळी पत्रं आता नाहीत. ती कशी गेली हे सांगायचं तर ठकठकवाल्याबद्दल सांगावं लागेल, आणि त्या माणसाबद्दल मी आजवर एकही चांगला शब्द काढलेला नाही.

वाळवीचं औषध मारणारा हा माणूस घंटी वाजवत नसे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दाराच्या चौकटीवर ठकठक करून कान लावायचा. मी दार उघडलं की नमस्काराऐवजी "चौकट बरी आहे, उंबरठा पोकळ होऊन राहिला," असं ऐकवायचा. पायपुसणं ओलांडून थेट आत. पहिल्या दिवसापासून मला तो आवडला नाही.

हॉलच्या भिंतीवर मातीची रेघ दिसली म्हणून शेजारणीने त्याला पाठवलं होतं. तो येईपर्यंत मी रेघ खरवडून, रॉकेलचा बोळा फिरवून जागा स्वच्छ केली होती. तो भडकलाच. "रस्ता पुसला म्हणून गाव उठते काय, बाई? गाव तिकडं जमिनीत आहे."

वाळवी गलिच्छ घरात लागते, इथे दोनदा केर निघतो, असं मी सुनावलं. त्याने घरभर नजर फिरवली. "घर साफ आहे. पण वाळवी काय धूळ खाते? साफ घरातलं लाकूड तिले कडू लागते काय?" इंग्रजी शाळेत मी आयुष्यभर शिस्त शिकवली, माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं.

झोपायच्या खोलीत माझ्या वडिलांनी लकडगंजच्या लाकूडबाजारातून लाकूड आणून करवून घेतलेलं सागवानी कपाट होतं. तुमच्या आजोबांनी बदलीच्या गावांहून मला लिहिलेली पत्रं त्यात वर्षवार बांधून ठेवलेली, सोबत डांबराच्या गोळ्या. कपाटाच्या मागच्या कडेवर ठकठक करून त्याने कान लावला. मग म्हणाला, "उघडा."

सागवानाला वाळवी लागत नाही, मी म्हणाले.

"गाभ्याले लवकर नाही लागत. मागची फळी पांढऱ्या लाकडाची आहे, भिंतीले टेकून. आत काय आहे?"

"कागद."

"मग त आजच काढा."

परक्या माणसासमोर मी ती पत्रं काढणार नव्हते. औषध खपवायला भीती घालता, असं तोंडावर म्हणाले. तो ताठ झाला. "नका मारू माझं औषध. कपाट तेवढं उघडा." मी त्याला दार दाखवलं. फाटक त्याने असं आपटलं की कडी वाकली.

दिवाळीच्या साफसफाईत कपाट उघडलं. बाहेरचं पॉलिश जसंच्या तसं. वरचा गठ्ठा उचलला तर पाकिटांच्या कडा शाबूत, मधे ओली माती.

मीच त्याला फोन केला. आल्या आल्या तो म्हणाला, "सांगतलं होतं." मला ते फार झोंबलं. पण त्या दिवशी त्याने पाय पुसले. दुपारभर जमिनीवर बसून रंगाच्या कुंचल्याने एकेक कागद झटकत होता, आणि मी त्याच्या डोक्याशी उभी होते.

"वाचू नका," मी बजावलं.

"चष्मा घरी राहिला, बाई," तो मान वर न करता म्हणाला. चष्म्याची दांडी त्याच्या खिशातून दिसत होती.

मी आभार मानले नाहीत. माफी तर दूरच. पुढे तो दरवर्षी येत राहिला आणि आम्ही दरवर्षी भांडत राहिलो. यंदा चौकटीवर ठकठक झाली तेव्हा त्याची मुलगी पंप घेऊन उभी होती. उन्हाळ्यात बाबा गेले, म्हणाली. मी तिला बसवून चहा दिला. त्याला एकदाही विचारला नव्हता.

अकरा पत्रं शाबूत आहेत. ती पत्र्याच्या पेटीत, भिंतीपासून वीतभर दूर ठेवली आहेत.