पाटीवर एक नाव, स्टेटमेंटवर दुसरं

चूक माझी होती आणि तीन महिने तिचा ठपका मी एका बाईवर ठेवला.

मी गुरुग्राममध्ये बँकेत आहे. दुकानांना कार्डाची मशीन देणं हे आमचं काम. ग्राहकाने कार्ड लावलं की निरोप आमच्याकडे येतो, कार्ड कंपनीमार्फत ग्राहकाच्या बँकेत जातो आणि तिचा होकार घेऊन परतही येतो. सगळं दोन-तीन सेकंदांत. इतकी वर्षं झाली, तरी मला या कामाचा अभिमान वाटतो.

दिल्लीच्या पहाडगंजमध्ये एक ताई चामड्याच्या बॅगा विकतात. मूळच्या अमरावतीच्या. त्यांच्या मशीनचा अर्ज मीच भरला. ग्राहकाच्या स्टेटमेंटवर दिसायचं नाव, या रकान्यात दुकानाच्या पाटीवरचं नाव हवं होतं. मी नोंदणीच्या कागदावरचं, त्यांच्या सासऱ्यांचं नाव उतरवलं.

परदेशी गिऱ्हाइकं घरी पोचून स्टेटमेंट बघायची आणि कळवायची, या माणसाकडून आम्ही काहीच घेतलं नाही. त्यांची बँक पैसे परत मागे, आम्ही ते ताईंच्या खात्यातून काढून देत असू. चौथ्या तक्रारीनंतर मी मशीन बंद करायची शिफारस केली.

ताई थेट ऑफिसात आल्या.

"भाऊ, मशीन न्या खुशाल. पण मी चोर नाही, असं आधी लिहून द्या. शेजारचे दुकानदार हसतात मला."

"ताई, चार जण खोटं बोलतील का?"

"अच्छा! म्हणजे मी एकटीच बोलते?"

त्यांनी वही उघडली. उन्हाळ्यात पावत्यांवरची अक्षरं उडतात, म्हणून प्रत्येक सही केलेल्या पावतीची झेरॉक्स चिकटवलेली, बाजूला बॅगेचा रंग. असं काटेकोर काम आमच्या ऑफिसातही मी पाहिलं नव्हतं. शेवटी, ताईंनी विचारणा केल्यावर एका गिऱ्हाइकाने पाठवलेलं उत्तर होतं : तुमच्याबद्दल तक्रार नाही, तक्रार या दुसऱ्या माणसाविरुद्ध आहे.

"हे माझे सासरे. वारून नऊ वर्षं झाली. तुमच्या मशीनला कुठे भेटले?"

मी अर्ज काढला. अक्षर माझंच होतं.

साहेबांना चूक लेखी कळवली, नाव दुरुस्त केलं. ताईंच्या पावत्या त्या-त्या बँकांना गेल्या आणि चारही वेळचे पैसे परत आले. त्या वहीचा मला आजही माझ्या कामाइतकाच अभिमान आहे.

पण माफी राहिली होती. फोनवर ती सोपी होती. मी पहाडगंजला गेलो, दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. मराठीत बोललो असतो तर ते आम्हा दोघांतच राहिलं असतं. म्हणून शेजारच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, "दीदी, आप सच्ची थीं. फॉर्म मैंने गलत भरा और शक आप पर किया. मुझे माफ कर दीजिए."