काळ्या पानाची वडी

आमच्या घरमालकीण काकू दार वाजवत नाहीत. थेट ओट्यापाशी येतात, "सरक जरा" म्हणतात आणि हातातलं काम काढून घेतात. नांदे गावात त्यांची खोली भाड्याने घेतल्यापासून मी एकही पोळी शेवटपर्यंत लाटलेली नाही.

परवा मी कोरियन किंबाप करत होते. समुद्री शेवाळाच्या काळ्या, कागदासारख्या पानावर भात, गाजर, काकडी आणि अंड्याची पोळी ठेवून गुंडाळायचं. पण माझा बासमती फडफडीत झाला होता आणि गुंडाळी सारखी सुटत होती.

"ह्यो भात कुटं चिकटतुया?" म्हणत काकू त्यांच्या शेतातल्या इंद्रायणीचा मऊ भात घेऊन आल्या. पान हुंगलं. "बोंबलागत वास येतुया!" म्हणून खूश झाल्या. गुंडाळी मात्र झकास वळली, थेट अळूवडीसारखी. मी सुरी शोधेपर्यंत ती चाळणीत, चाळण पातेल्यावर, आणि खाली गॅस पेटलेला.

"अहो काकू, हे उकडत नाहीत!"

"मग कच्चंच खात्यात व्हय?"

उकडून, कापून, वर तीळ-मोहरीची फोडणी. पायरीवर बसून आम्ही दोघींनी ताट चाटूनपुसून संपवलं.

"कोरियात कुणी वळखीचं हाय का तुझ्या?" हात धुता धुता त्यांनी विचारलं. "त्यास्नी कळव. म्हणावं, वडी अशी अर्ध्यात सोडू नगा."