व्यंकटीने जुनी डिस्क परत मागितली तो दिवस

प्रस्तुत लेखिका सरजाबाई हिची व्यंकटीशी ओळख एका भिंतीमुळे झाली. लोह्याच्या बुद्धविहारात प्रौढांचा साक्षरता वर्ग भरत असे आणि विहाराच्या मागच्या भिंतीला लागून व्यंकटीचे संगणक दुरुस्तीचे दुकान होते. सरजाबाईने वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पाटी हातात घेतली. ती वाचताना अडखळली की भिंतीपलीकडून आवाज येई, "फुडं 'विहीर' हाय माय, चला." रोज ऐकून त्याला वर्गाचे पुस्तक पाठ झाले होते. हा मनुष्य कोण, हे पाहण्यासाठी ती एकदा दुकानात गेली आणि त्या दिवसापासून त्याची सरजामाय झाली. आज ते दुकान तेथे नाही. भिंत आहे, परंतु पुढचा शब्द सांगणारे कोणी नाही.

व्यंकटी कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. कामात त्याचा एक नेम होता : नवे बसल्याशिवाय जुने काढायचे नाही. त्याची आई पेरणी उगवून येईपर्यंत जुन्या बियाण्याची कणगी रिकामी करीत नसे, तेथून तो नेम आला होता. संगणकाची सर्व माहिती ज्या डबीत साठते तिला डिस्क म्हणतात. नवी डिस्क बसवून तीवर विंडोज नव्याने भरताना व्यंकटी जुनी शेजारी जोडलेलीच ठेवी, आणि पुढेही ती आतच राही.

सन दोन हजार सोळाचा मार्च महिना होता. पुढे त्याच उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. वर्गातील एकतीस बायांपैकी चौदा जणी हैदराबादकडे बांधकामावर गेल्या होत्या. परीक्षेच्या दिवशी परत येऊ, असा शब्द देऊन आणि आपापले फोटो काढवून त्या गेल्या. ज्या दिवसाची ही गोष्ट आहे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोटोंसह नावांची यादी नांदेडला पोहोचली नाही, तर कोणालाच परीक्षेला बसता येणार नव्हते. यादी विहाराच्या संगणकात होती आणि तो संगणक आठवडाभर रखडत होता.

व्यंकटीने सकाळी दुकानात नवी डिस्क बसवली, विंडोज भरले, फोटो व यादी नवीवर आणली आणि जुनीवरची त्यांची प्रत पुसून टाकली. दोन वेळा बंद करून चालू केले, सर्व ठीक होते. तेव्हा शिवप्पाने मागितली म्हणून या वेळी त्याने जुनी डिस्क काढून त्याला दिली. शिवप्पा उदगीरचा, जुने सुटे भाग गोळा करणारा. डिस्क पिशवीत टाकून तो चहा पीत बसला. व्यंकटीने पुन्हा बटण दाबले. काळ्या पडद्यावर एक पांढरी इंग्रजी ओळ आली. संगणक चालवणारी प्रणाली सापडत नाही, असा तिचा अर्थ.

त्याने वायरी तपासल्या, आतल्या पट्ट्या पुसून परत बसवल्या. ओळ हलली नाही. आत बाकावर सरजाबाई बसली होती आणि दारात वर्गाच्या शिक्षिका शिवगंगाबाई पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"व्यंकटी, पाचची गाडी हाय. ती हुकली तर बायांचं वर्ष गेलं."

"हाव ताई, बघून राहिलो."

शिवप्पा कप ठेवत म्हणाला, "लई विचार करतोस बे. सगळं पुसून पुन्हा भर की. तासात कोरं करकरीत उठतंय."

"आन् फोटो?"

"पुन्हा काढ."

"चौदा बाया हायत. कोन्त्या कोन्त्या बिल्डिंगीवर चढू हैदराबादात?"

"यप्पा, आमचं उदगीर जिल्हा होऊ दे. माझं दुकान बघशील मग. असं अडून बसणार न्हाई आमच्यात कोणी."

"लई वर्सं झाली, होऊनच राहिलाय तुमचा जिल्हा. जरा गप बस."

व्यंकटी खाली बसला आणि सकाळपासूनची आपली कामे बोटांवर उलट मोजू लागला. जुनी आत होती तोवर संगणक सुरू होत होता, ती निघाली आणि तो थांबला. मग त्याला कळले. नवे विंडोज भरले जात असताना दोन्ही डिस्का जोडलेल्या होत्या. त्यामुळे सामान नव्या घरात लागले आणि किल्ली, म्हणजे संगणक सुरू करून देणारा छोटा भाग, मात्र जुन्या घराच्या कोनाड्यात राहिली. चूक संगणकाची नव्हती, त्याच्या नेमाची होती.

"शिवप्पा, पिशवी उघड."

"दिलेलं परत मागतोस?"

"मागतो. आठ दिवसांनी पाठवतो उदगीरला."

शिवप्पा पुटपुटला, परंतु त्याने डिस्क काढून दिली. व्यंकटीने ती जोडली आणि बटण दाबले. शिवगंगाबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. संगणक सुरू झाला. (पुढे सवडीने त्याने किल्लीची सोय नवीवर केली आणि जुनी कबूल केल्याप्रमाणे पाठवली.)

यादी उघडली. सगळे फोटो जागेवर होते. गाडीला पंचवीस मिनिटे उरली होती. व्यंकटीचे डोळे उन्हाने आणि पडद्याने लाल झाले होते, आणि शिवगंगाबाई यादी छापण्यासाठी यंत्रात कागद लावीत होत्या. बाकावर बसलेल्या सरजाबाईकडे वळून त्याने खुर्ची रिकामी केली.

"सरजामाय, हितं बसा. वरपासून खालपर्यंत नावं वाचा. कोनाचं सुटलं असंल तर सांगा."