चाचांची जीभ

पणजोबांनी तीन बाकड्यांवर सुरू केलेलं ते मुघलाई हॉटेल आता चौथ्या पिढीच्या हातात होतं. मेनूकार्ड छापलेलं होतं, पण सकाळी ते उघडण्याच्या भानगडीत कुणी पडत नसे. सकाळी निहारीच खायची, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजलेला, हाडापासून मटण आपसूक सुटेल असा दाट रस्सा. तो चाखून पास करायचं काम चाचांचं.

चाचा सहासष्ट वर्षांचे. रोज उजाडताना ते निहारीच्या भल्यामोठ्या डेगीपाशी उभे राहत, चमचाभर रस्सा तोंडात घेत आणि डोळे मिटत. रस्सा शिजवणारा त्यांचा मुलगा आणि जुना आचारी श्वास रोखून बघत. मग निकाल लागे, "मीठ जरा पुढे हवं." चाळीस वर्षांत निकाल बदलला नव्हता. चाचा स्वतः चिमूटभर मीठ टाकत. "त्या चिमटीनं मुंगीलासुद्धा तहान लागायची नाही," असं चाची म्हणायची, पण चाचांच्या माघारी.

सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करत होती. लग्नानंतर तिने एकदा विचारलं, "अब्बा, मी चाखून बघू?"

"हे शिकून येत नाही सूनबाई. हे रक्तात असावं लागतं."

"रक्तच बघते मी दिवसभर, अब्बा. मसाला अजून कुणाच्यात सापडला नाही."

चाचा हसले, पण चमचा काही दिला नाही.

त्या थंडीत चाचांना ताप आला. ताप उतरला आणि जाताना तोंडाची चव घेऊन गेला. चाचांनी कुणाला सांगितलं नाही. नव्या चपला घेऊन येतो म्हणून लांबच्या एका डॉक्टरांकडे गेले. "चव परत येईल, कदाचित नाहीही येणार," असं डॉक्टर म्हणाले. चाचा चपलांशिवायच घरी आले.

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मुलाचा हात चांगला होता. चाचा डोळे मिटत, मीठ पुढे हवं म्हणत, चिमूट टाकत. आणि एक दिवस मुलाला वाटलं मीठ आचाऱ्याने घातलं, आचाऱ्याला वाटलं मुलाने. चाचांनी चाखलं. "मीठ जरा पुढे हवं." आयुष्यात पहिल्यांदाच निकाल शंभर टक्के खरा होता, पण चिमूट नेहमीचीच पडली.

बाहेर गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघू लागली. इथे मीठ मागायची वेळ कधी कुणावर आली नव्हती, त्यामुळे टेबलांवर मीठदाणीच नव्हती. शेवटी रोज कोपऱ्यात बसणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाने, शिंप्याने, हळूच विचारलं, "चाचा, आज डॉक्टरांना विचारून केलीय का?"

मुलाने धावत जाऊन चाखली आणि बापाकडे बघितलं.

"मी म्हटलं नव्हतं, मीठ हवं म्हणून?" चाचा उसळून म्हणाले.

सून लॅबला निघाली होती. तिने पर्स खाली ठेवली, मागच्या खोलीत चाचांना चहा नेऊन दिला. त्यात साखरेऐवजी मीठ होतं. चाचा अर्धा कप प्यायले. "छान झालाय."

ती शेजारी बसली. "कधीपासून, अब्बा?"

चाचांनी कप खाली ठेवला. "तापापासून."

"सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर मला इथे काय काम उरलं असतं?"

दारात चाची उभी होती. "दोन महिने माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली नाहीत," ती म्हणाली. "मला वाटलं, माणूस सुधारला." मग पदराने डोळे पुसून ती मीठ घेऊन बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी चाचांनी चमचा सुनेच्या हातात दिला. देताना हात जरा घुटमळला. ती चाखायची, चाचा विचारायचे, "तिखट जिभेवर थांबतं की घशात उतरतं? हाडाचा गोडवा आधी लागतो की मागून?" पहिला आठवडा ती "चांगलं आहे" एवढंच म्हणे. चाचा चिडत, "चांगलं तर गिऱ्हाईकही म्हणतं!" महिन्याभराने ती म्हणाली, "आज सुंठ पुढे पळतेय." आचारी ओशाळला. एक चमचा जास्त पडली होती. चाचा दिवसभर भेटेल त्याला ते सांगत सुटले, जणू सुंठ त्यांनीच पकडली होती.

आता सकाळी भटारखान्यात त्यांना काम नसे. म्हणून ते बाहेर शिंप्यासमोर बसून खाऊ लागले. मऊपणा कळायचा, ऊब कळायची, बाकीचं शिंपी सांगायचा. स्वतःच्या हॉटेलात गिऱ्हाइकासारखं ते प्रथमच बसत होते. दारावरचा पंखा वीस वर्षं करकरतोय, हे त्यांना तेव्हा शिंप्याकडून कळलं.

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही आत डोळे मिटून उभे," शिंपी म्हणाला. "सांगायचं कुणाला?"

दुपारी चाचा तेलाची बुधली घेऊन स्वतः स्टुलावर चढले. चाची खालून स्टूल धरून, ते कसं चुकीच्या जागी तेल घालताहेत, हे सांगत राहिली.