फुलोऱ्यातला बासमती आणि ऑक्टोबरचं ऊन

सळ्ळ... सळ्ळ... आत्या सुपात भात पाखडायची त्याचा हा आवाज. मी सात वर्षांचा असेन. भरला दाणा सुपात राही, पोकळ पोल पुढं उडून जाई. यंदा ऑक्टोबरात आत्तेबहीण आक्काचा फोन आला, "दत्तू, औंदाबी भात हातचं जातंय बघ," आणि तो आवाज पुन्हा कानात सुरू झाला. पिशवी भरली, निघालो.

निपाणीहून बेळगावला सकाळची बस धरा. पुढं रस्त्याची कामं चालू आहेत, तासभर जास्तीचा ठेवा. शेजारच्या म्हातारीनं माझं तिकीट पाहिलं. "आमा बायकास्नी फुकट हाय. तुमी गडीमाणसं भरा पैसं!" अख्खी बस हसली. बेळगावात बस बदलली. पिरनवाडी, मच्छे मागं पडलं, खानापूरला गरम वडा-चहा झाला आणि नंदगडच्या वाटेला दोन्हीकडं भात लागलं. शाळेत मी शिकवलेल्या सगळ्या कविता ओठांवर आल्या. कवितेतलं भात नुसतं डुलतं. त्याला ताप चढत नाही.

इथं चढला होता. गावात जुना, उशिरा येणारा वासाचा बासमती आता एकट्या आक्काच्या तुकड्यात उरलाय. आधी निसवून बाहेर आलेल्या कडेच्या लोंब्या तिनं माझ्या हातावर ठेवल्या. दाबल्या, तर निम्म्या पोकळ.

"फूल तासा-दोन तासापुरतं उघडतंय," ती म्हणाली. "तवाच ऊन तापलं की दाणा धरत न्हाय. आन रात्री गार न्हाईत, मग वास कुठनं यायचा?"

खरंच, त्या रात्री ऑक्टोबर असून अंगावर चादरही नको झाली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला, उरलेल्या तुकड्याचा वास घ्यावा म्हणून मी बांधावरून थेट भातात शिरलो.

"भाईर ये रं, दत्तू!" आक्का ओरडली. "फुलं उघडी हाईत! दुपारपत्तूर भातात कुणी शिरत न्हाय!"

मी आल्या पावली मागं फिरलो. तिचा मुलगा मारुती मच्छे गावच्या कारखान्यात आहे, त्या दिवशी सुट्टीवर होता. तो बांधावर हसत होता. "मास्तरमामा, वर्ग भरलाय आन तुमी मधनंच चालला!"

मग हसू आवरून आईला म्हणाला, "पुढच्या साली लवकर येणारं भात लावू. ह्यो बासमती पुरं झाला."

"आन बी मोडलं तर परत कुणाकडं मागायचं?"

जेवताना आक्कानं वाढलेल्या पेजेला मात्र तो जुना वास होता.

घरी आल्यावर फोटो काढलेले कमीच निघाले. बोटांत राहिला तो पोकळ लोंबीचा स्पर्श. सगळं आयुष्य भाताच्या कविता म्हणून घेतल्या मुलांकडून, पण फूल कधी उघडतं हे ठाऊक नव्हतं.

हे लिहायला दोन महिने गेले. सुगी संपली असेल, म्हणून फोन करावा की नको असं घोळत होतो, तोवर आज दुपारी दार वाजलं. मारुती! मोटरसायकलवरून आलेला, केस धुळीनं पांढरे, छातीशी कापडी गाठोडं.

"आक्कानं धाडलं?"

"न्हाय, मीच आलोय. निवडून निवडून एवढं भरलं बी निघालं. निम्मं आमच्यात, निम्मं तुमच्यात. एका घरचं गेलं तर दुसऱ्या घरचं ऱ्हाईल." त्यानं उंबऱ्यातूनच आत नजर फिरवली. "मामा, तुमच्या घरात सगळ्यात गार जागा कंची?"