वन्संचा पासलीकर

भोरच्या एसटी स्टँडपासून वेल्ह्याच्या शेवटच्या वस्तीपर्यंत अशी एकही जागा नसेल, जिथली चमचाभर माती आमच्या वन्संनी उचललेली नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न त्यांनी केलं नाही. कुणी विचारलं तर ‘राहून गेलं’ म्हणतात, आपण दळण आणायचं राहून गेलं म्हणतो त्याच सुरात. भोरच्या कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात आणि उरलेल्या वेळात, म्हणजे खरं तर सगळ्याच वेळात, मातीतले नवे जंतू शोधतात. इतर बायकांच्या पर्समध्ये कंगवा असतो, यांच्या पर्समध्ये उकळून घेतलेला चमचा आणि कोऱ्या पिशव्या. लग्नाला गेलो की अक्षता पडेपर्यंत त्या मांडवात दिसतात, पुढे शोधायचं असेल तर गोठ्यामागे जावं लागतं. एकदा धनगरांच्या वस्तीवर एका म्हातारीने त्यांचा हात धरला. दारची माती नेऊन करणी करतात, अशी तिला धास्ती. वन्सं तिथेच ओट्यावर बसल्या आणि जंतूंची सारी कुळकथा तिला सांगितली. किती कळलं देव जाणे, पण म्हातारी म्हणाली, “मंग दारातली नगा नेऊ. मेंढरं बसत्यात तितली न्या.” ती पिशवी घरी आणताना वन्संचा चेहरा असा होता, की रस्त्यात दोघींनी मला विचारलं, यांना बढती मिळाली का.

जमिनीवरच्या जंतूंनी भागेना तेव्हा त्या समुद्रातल्यांकडे वळल्या. सकाळी महाडची एसटी पकडून वरंधा घाट उतरायचा, खाडीचा काळा चिखल डब्यात भरायचा आणि परतीच्या गाडीने वर यायचं. एकदा मीही सोबत होते. ऐन घाटात डब्याचं झाकण सैल झालं आणि गाडीभर असा वास सुटला की लोकांनी खिडक्यांतून डोकी बाहेर काढली. सगळ्यांच्या नजरा सुकट घेऊन बसलेल्या एका बाईकडे गेल्या आणि कंडक्टर तिला पाटी टपावर टाकायला सांगू लागला. तेव्हा वन्सं उभ्या राहिल्या आणि हजेरी घेताना लागतो त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, “वास माझा आहे.” मी पदर नाकाला लावून दरी बघत राहिले.

कोरोनात कॉलेज बंद झालं आणि प्रयोगशाळा आमच्या स्वयंपाकघरात आली. कुकर त्यांचा झाला, आम्ही डाळ पातेल्यात शिजवू लागलो. जंतू वाढवायला बटाट्याचं पाणी आणि चायना ग्रास घालून त्या काहीतरी शिजवत आणि काचेच्या बशांमध्ये थिजायला ठेवत. सासूबाईंना वाटलं, लेकीने वड्या केल्या. त्यांनी बोट लावून चाखलं आणि साखर कमी पडल्याचं सांगितलं. ते जंतूंचं जेवण होतं, सुदैवाने पंगत अजून बसायची होती. वन्संनी घाबरून विचारलं, “आई, बोट धुतलं होतंस ना?” काळजी आईची नव्हती, बशीची होती.

नवा जंतू ओळखायचा कसा, हे त्यांनी मला मेथी निवडता निवडता शिकवलंय. रंगरूप सारखं म्हणून भावकी एक, असं धरायचं नाही. तो काय खातो, कशात जगतो, कशाने मरतो हे बघायचं, मग त्याची जनुकं जगातल्या माहीत असलेल्या भाऊबंदांशी ताडायची. कुणाशीच पुरतं जुळलं नाही तर तो नवा, आणि मग त्याचं बारसं करायचं. या सगळ्यात वर्षं जातात. वेल्ह्याकडच्या पासली गावातल्या हौसाबाईंच्या भातखाचरातल्या मातीतून वन्संच्या बशीत एक केशरी ठिपका उगवला होता, त्याच्यामागे त्या अशाच कितीतरी दिवस होत्या. पुण्याहून शेवटच्या तपासणीचा निकाल आला त्या दिवशी त्या चपला न काढताच माझ्यापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, “कुणाचाच नाही गं तो.” जत्रेत चुकलेलं पोर सापडावं, तसा आवाज होता.

शोधणाऱ्याने स्वतःचं नाव जंतूला द्यायचं नसतं. गावाचं देता येतं. वन्संनी पासलीचं ठरवलं आणि आनंदाच्या भरात हौसाबाईंना सांगून आल्या. त्यांनी शेजारणीला सांगितलं, शेजारणीच्या मुलाने मोबाईलवर टाकलं, आणि दोन दिवसांत ‘पासलीत नवा जंतू सापडला’ एवढंच खोरंभर झालं. तोंडाला फडकी बांधून काढलेले दिवस लोक विसरले नव्हते. पासलीला येणारे पाहुणे बेत बदलू लागले. हौसाबाईंच्या लेकीचं किकवीच्या एका मुलाशी जवळजवळ ठरलं होतं, तिकडून निरोप आला, जरा थांबू.

हौसाबाई भोरला आल्या, पण उंबऱ्याच्या आत येईनात. “बाई, आमच्या रानात रोग हाय म्हून लिवलंय व्हय तुमी?” एवढं बोलून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. कॉलेजातल्या भांडखोर पोरांनाही न घाबरणाऱ्या वन्सं उंबऱ्याबाहेर जाऊन त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, “नाव बदलते. पण आधी किकवीला जाऊन येते.” त्या नावात त्यांचा किती जीव होता, ते मला माहीत होतं. मी पायात चपला घातल्या.

किकवीला मुलाच्या घरी वन्संनी तास घेतला. जंतू सगळेच रोगाचे नसतात, बरेचसे जमिनीचीच कामं करतात, हा तर भाताच्या मुळाशी निवांत पडून असतो, असं त्या सांगत राहिल्या. मुलाची आई पदराचा काठ चुरगाळत ऐकत होती आणि काही कळल्याचं दिसत नव्हतं. शेवटी खाटेवरचे आजोबा बोलले.

“तुमी सोता हात घालता का त्या मातीत?”

“घालते. उभा जन्म तेच केलं.”

“मंग तुमाला काय झालं?”

वन्संनी अगदी प्रामाणिकपणे विचार केला. “चष्म्याचा नंबर वाढला.”

“त्यो आमचाबी वाढला,” आजोबा म्हणाले आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. सोयरीक तिथेच पक्की झाली.

हौसाबाईंनी मग नावालाही परवानगी दिली, पण अट घातली. गावाचं नाव राहू द्या, छापायचं मात्र लगीन उरकल्यावर. वन्संनी शब्द दिला. यातली मेख मला नंतर कळली. जगात कुठेतरी कुणी हाच जंतू शोधून आधी छापला असता, तर नाव त्याचं राहिलं असतं आणि वन्संची सगळी वर्षं पाण्यात गेली असती. विद्यार्थी सांगत होते, पाठवून द्या, पासलीत कोण वाचतंय. त्या मान हलवायच्या. तो सारा हिवाळा सकाळी चहाआधी त्या मोबाईल उघडून बघायच्या आणि मी चुलीपाशी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे. चहा मागितला की समजायचं, अजून कुणी छापलेलं नाही.

लग्नात अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, आणि वन्संनी मांडवाच्या मागे एका टेम्पोला टेकून शोधनिबंध पाठवून दिला. तो छापून आला तेव्हा आम्ही दोघी पासलीला गेलो. हौसाबाई घरात होत्या, आम्ही बांधावर बसलो. भात काढून झालेलं, खाचरात नुसती खुंटं होती. तो जंतू जिवंत ठेवलेल्या दोन नळ्या, एक इथे आणि एक परदेशात, कायमच्या जपून ठेवतात, वन्सं सांगत होत्या. आपण सगळे गेल्यावर तिकडचा कुणीतरी ती नळी काढेल आणि वरचं नाव वाचेल. हे गाव कुठंय, त्याला माहीतही नसेल.

“नीट म्हणता येईल का हो त्याला?” मी विचारलं.

वन्संनी तोंड वाकडं करून तो कसा म्हणेल ते करून दाखवलं. मग मी करून दाखवलं. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. हसू ओसरल्यावर वन्संनी चष्मा पुसला, खाचराकडे बघत अगदी हळू, नीट म्हणाल्या, “पासली.”